वजिरासमोरील प्यादे : नोंदवलेल्या बुद्धिबळ-डावांचा ऐतिहासिक साधन म्हणून अभ्यास (कोलकाता १८५५ ते बातुमी २०२५)

प्रस्तावना :

इतिहासलेखनाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी, दफ्तरे, नाणी आणि वृत्तपत्रे यांचा विचार आपल्या मनात प्रथम येतो. खेळांचा इतिहास लिहिताना मात्र साधनांची अडचण मोठी असते. कुस्तीची दंगल संपली की पेच हवेत विरतात. उरते ती केवळ निकालाची वार्ता आणि पाहणाऱ्यांच्या आठवणी. बुद्धिबळ हा या नियमाला मोठा अपवाद आहे. चाल लिहून ठेवण्याची पद्धत एकदा रूढ झाली की शे-दीडशे वर्षांपूर्वीचा डाव आजही पटावर जसाच्या तसा मांडता येतो. खेळाडूने कोठे विचार केला, कोठे धाडस केले आणि कोठे तो फसला हे अभ्यासकाला स्वतः पडताळून पाहता येते. या अर्थाने नोंदवलेला डाव हा अव्वल दर्जाचा समकालीन दस्तऐवज ठरतो.

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला आणि विदर्भातील शाळा-महाविद्यालयांत बुद्धिबळाविषयी मोठे कुतूहल निर्माण झाले. या कुतूहलाला इतिहासाची जोड मिळावी या हेतूने प्रस्तुत निबंधात वजिरासमोरील प्याद्याने सुरू होणाऱ्या डावांचा मागोवा घेतला आहे. इंग्रजीत ज्याला 'क्वीन' म्हणतात त्या मोहऱ्याला मराठीत वजीर, आणि त्यापूर्वी फर्जी, असे नाव आहे. त्यामुळे 'क्वीन्स पॉन ओपनिंग' या संज्ञेसाठी येथे 'वजिराच्या प्याद्याचा प्रारंभ' असा शब्दप्रयोग केला आहे. पांढऱ्याने डी-पट्टीवरील प्यादे दोन घरे पुढे टाकून डाव सुरू करणे एवढाच त्याचा मूळ अर्थ होय.

अभ्यासाची उद्दिष्टे व मर्यादा :

वजिराच्या प्याद्याच्या प्रारंभाला मिळालेल्या 'भारतीय बचाव' या नावामागील इतिहास तपासणे, देशी नियमांकडून आंतरराष्ट्रीय नियमांकडे झालेल्या संक्रमणाचे स्वरूप समजून घेणे, महाराष्ट्रातील खेळाडूंचे या परंपरेतील स्थान पाहणे आणि स्थानिक क्रीडा-इतिहासाच्या दृष्टीने डावांच्या नोंदीचे महत्त्व स्पष्ट करणे ही या निबंधाची चार उद्दिष्टे आहेत. हा अभ्यास बुद्धिबळाच्या तंत्राचा नसून त्याच्या इतिहासाचा आहे. म्हणून चालींचे विवेचन आवश्यक तेवढेच केले आहे.

देशी बुद्धिबळाची ग्रंथपरंपरा :

बुद्धिबळाचे मूळ भारतीय चतुरंगात आहे, हे मत एच. जे. आर. मरे यांच्या १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ हिस्टरी ऑफ चेस' या बृहद्ग्रंथानंतर सर्वसाधारणपणे मान्य झाले. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त अष्टापदाच्या पटावरील चतुरंगाचा श्लेषात्मक उल्लेख येतो. दख्खनच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास'. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील हा ग्रंथ ओवीच्या जुन्या उल्लेखासाठी मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. राजाच्या विनोदांमध्ये त्याने चतुरंगाच्या खेळाचेही वर्णन केले आहे.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा नीलकंठ भट्टाचा आहे. त्याचे घराणे मूळचे पैठणचे. पुढे ते काशीत स्थायिक झाले. सतराव्या शतकात त्याने 'भगवंतभास्कर' हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. त्यातील 'व्यवहारमयूख' ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू कायद्याचे प्रमाण म्हणून मानला. हे विधी व इतिहासाच्या प्राध्यापकांना ठाऊकच आहे. मात्र त्याच ग्रंथातील 'नीतिमयूखा'त बुद्धिबळाच्या खेळाचे नियम दिलेले आहेत, ही बाब तुलनेने दुर्लक्षित राहिली. जर्मन संस्कृतज्ञ आल्ब्रेख्त वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात या भागाकडे पाश्चात्त्य अभ्यासकांचे लक्ष वेधले. राजनीतीच्या ग्रंथात या खेळाला स्थान मिळावे, यातच त्याची तत्कालीन प्रतिष्ठा दिसते.

१८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे 'एसेज ऑन चेस' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. संस्कृतातील बुद्धिबळविषयक साहित्य युरोपीय पद्धतीला अनुसरून इंग्रजीत मांडण्याचा तो प्रयत्न होता. पेशवाई अस्तास जाण्यापूर्वी चार वर्षे दोन्ही पद्धतींतील भेद जाणणारा आणि तो भेद ओलांडू पाहणारा एक भारतीय लेखक मुंबईत ग्रंथ प्रसिद्ध करतो, ही घटना लक्षणीय आहे. भारतीय खेळाडूंना युरोपीय नियम उशिरा आणि केवळ साहेबांच्या कृपेने कळले, अशा ढोबळ समजुतीला त्यामुळे छेद जातो.

तथापि या सर्व ग्रंथांना एक मर्यादा आहे. त्यांत नियम आहेत, पटाचे वर्णन आहे, कूटप्रश्न आहेत. परंतु अमुक दोन व्यक्तींनी अमुक दिवशी खेळलेला डाव चालवार लिहून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ नव्हती. खेळ मौखिक परंपरेने चालला. त्यामुळे वाड्यांत, देवळांच्या ओवऱ्यांत आणि गावच्या पारावर पिढ्यानुपिढ्या जे डाव रंगले त्यांचे कौशल्य खेळणाऱ्यांबरोबरच संपले.

प्याद्याची पायरी आणि खेळाची शैली :

देशी आणि युरोपीय पद्धतींतील सर्वांत परिणामकारक भेद प्याद्याच्या पहिल्या चालीचा होता. युरोपीय नियमात कोणतेही प्यादे आपल्या पहिल्या चालीत दोन घरे जाऊ शकते. देशी खेळात प्यादे सामान्यतः एकच घर सरकत असे. प्रांतोप्रांती या नियमाला अपवाद होते. किल्लेकोटाऐवजी राजाला शह मिळण्यापूर्वी एकदा घोड्याप्रमाणे उडी घेण्याची मुभा असे. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे त्या पट्टीच्या मूळ मोहऱ्यात रूपांतरित होई. प्याद्याने दिलेली मात विशेष मानाची समजली जाई.

या नियमांचा खेळाच्या प्रकृतीवर परिणाम होणे स्वाभाविक होते. प्यादी हळूहळू सरकत असल्याने दोन्ही फौजांची गाठ उशिरा पडे. खेळाडू आधी आपली रचना पक्की करी, उंटाला बाजूच्या प्याद्यामागे बसवून लांब कर्णरेषेवर नजर ठेवी आणि मग चढाईचा विचार करी. याच्या उलट एकोणिसाव्या शतकातील युरोपात राजासमोरील प्यादे दोन घरे टाकून तत्काळ हल्ला चढवण्याची शैली लोकप्रिय होती. वजिराच्या प्याद्याचा प्रारंभ तेथे अपरिचित नव्हता. क्वीन्स गॅम्बिटची चर्चा पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या हस्तलिखितांतही सापडते. परंतु मध्यभाग आपल्या प्याद्यांनी व्यापलाच पाहिजे, हा तेथील जवळजवळ सर्वमान्य संकेत होता. प्रतिस्पर्ध्याला मध्यभाग व्यापू द्यावा आणि मग दुरून त्यावर मारा करावा, ही कल्पना त्या काळच्या युरोपीय खेळाडूस विचित्र वाटणारी होती.

कोलकाता, मे १८५५ :

या दोन शैलींची गाठ कोलकात्यात पडली. जॉन कोक्रेन (१७९८–१८७८) हा स्कॉटिश बॅरिस्टर कोलकात्यात वकिली करीत असे आणि तो त्या काळातील नामांकित बुद्धिबळपटूंपैकी एक होता. १८४८ च्या सुमारास कोलकात्यातील बुद्धिबळ वर्तुळातील एका सदस्याला मुफस्सल भागात कधीही न हरलेला एक खेळाडू आढळला. त्याचे नाव महेशचंद्र बंद्योपाध्याय. त्याला कोलकात्यात आणून कोक्रेनसमोर बसवण्यात आले. कोक्रेनने त्याला हरवले. परंतु आपल्यासमोर असामान्य ताकदीचा खेळाडू बसला आहे, हे त्या अनुभवी माणसाने ओळखले. पुढे अनेक वर्षे हे दोघे खेळत राहिले आणि कोक्रेनच्या पुढाकारामुळे त्यांचे शेकडो डाव नोंदले गेले. त्यांतील कित्येक लंडनच्या नियतकालिकांपर्यंत पोहोचले.

मे १८५५ मधील त्यांचा एक डाव प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. पांढरी मोहरी कोक्रेनकडे होती. त्याने वजिरासमोरील प्यादे दोन घरे टाकले (डी४). महेशचंद्राने उत्तरादाखल प्यादे न टाकता राजाच्या बाजूचा घोडा काढला. कोक्रेनने सी४ खेळून मध्यभागावरील पकड वाढवली. महेशचंद्राने जी६ अशी चाल करून उंटासाठी लांब कर्णरेषा मोकळी केली आणि पांढऱ्याचा घोडा बाहेर येताच डी५ ही चाल करून मध्यभागाला थेट आव्हान दिले. पुढे त्याने जी७ वर उंट बसवला, किल्लेकोट केला, घोड्यांची मारामारी करून पांढऱ्याला मध्यभागात भक्कम प्यादी उभारू दिली आणि मग सी५ खेळून त्याच प्याद्यांवर घाव घातला.

आज या रचनेला जगभर 'ग्रुनफेल्ड बचाव' म्हणतात. ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२ साली ती स्पर्धांत खेळली आणि त्याच वर्षी व्हिएन्ना येथे पुढे विश्वविजेता झालेल्या अलेखाइनला तिच्याच साहाय्याने पराभूत केले. कोलकात्यातील डाव त्याआधी सदुसष्ट वर्षांचा आहे.

डावाचा शेवट मात्र महेशचंद्राच्या बाजूने झाला नाही. सुरुवातीचा मोर्चा त्याने उत्तम बांधला होता. पण मध्यडावात कोक्रेनने आपला हत्ती सी५ आणि तेथून बी५ वर नेऊन काळ्या वजिराला मूळ घरी माघार घेण्यास भाग पाडले. त्यानंतर पांढऱ्या घोड्याने जी५ वरून एफ७ चे प्यादे मारले. बी३ वरील वजीर आणि हा घोडा यांच्या संगनमताने काळा राजा अडकला. महेशचंद्राने घोडा ए५ वर आणून वजिरावर हल्ला केला, परंतु तोवर वेळ गेली होती. घोडा एच६ वर जाताच एकाच वेळी दोन मोहऱ्यांचा शह, राजा कोपऱ्यात, जी८ वर वजिराचे बलिदान, ते हत्तीने घेताच घोड्याची एफ७ वरून मात. स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्याने दिलेली ही मात होय. काळ्याने अठराव्या चालीत घोडा ए५ वर टाकल्यापासून ती तीन चालींत अटळ होती.

या डावाचा अर्थ लावताना दोन टोके टाळली पाहिजेत. महेशचंद्र केवळ देशी सवयीने खेळला, युरोपीय नियम त्याला नीट उमगले नव्हते, असे एक मत मांडले जाते. परंतु डावाची नोंद या मताला आधार देत नाही. डी५ आणि सी५ या दोन्ही चालींत त्याने प्यादे दोन घरे टाकले आहे, म्हणजेच युरोपीय नियमाचा लाभ घेतला आहे. किल्लेकोटही त्याने युरोपीय पद्धतीचाच केला आहे. जी६ ही चाल देशी वळणाची, तर डी५ ही नव्या नियमाने शक्य झालेली. दोन परंपरांचा असा मेळ अजाणतेपणी पडत नाही. त्यामागे विचार असतो. दुसरे टोक म्हणजे या एका डावावरून संपूर्ण आधुनिक बुद्धिबळ भारतात जन्मले असा दावा करणे. ग्रुनफेल्डने हा डाव पाहूनच आपली पद्धत बसवली, असे म्हणण्यास आधार नाही. कल्पनेचे अग्रस्थान आणि तिचा प्रसार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्या वेगळ्याच ठेवल्या पाहिजेत.

नाव कोणाचे, श्रेय कोणाचे :

पहिल्या महायुद्धानंतर युरोपात निम्झोविच, रेटी, टार्टाकोव्हर आदी खेळाडूंनी 'अतिआधुनिक' विचार पुढे आणला. मध्यभाग व्यापण्याऐवजी त्यावर दुरून नियंत्रण ठेवावे, हा त्याचा गाभा. वजिराच्या प्याद्याला घोड्याने उत्तर देणाऱ्या सर्व पद्धतींना याच काळात 'इंडियन' हे विशेषण चिकटले. 'किंग्ज इंडियन', 'क्वीन्स इंडियन', 'निम्झो-इंडियन' ही नावे आज प्रत्येक खेळाडूच्या तोंडी आहेत.

येथे एक विसंगती दिसते. ज्या पद्धतीच्या नावात युरोपीय व्यक्ती आहे तेथे ती नाव-आडनावाने आहे. ज्या पद्धतीत भारतीयांचे श्रेय आहे तेथे संपूर्ण देश आहे, व्यक्ती नाही. महेशचंद्राचे नाव इंग्रजी साधनांतही एकसारखे लिहिलेले नाही. त्याचे डाव आपल्याला कळतात तेही बव्हंशी त्याच्या प्रतिस्पर्ध्याने जपले म्हणून. त्याने आपल्या गावात, कोक्रेन भेटण्यापूर्वी, जे अजिंक्य डाव खेळले त्यांपैकी काही उरले नाही. वसाहतकालीन साधनांचा हा नेहमीचा स्वभाव आहे. ज्याच्या हातात लेखणी, त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात येईल तेवढेच टिकते. मात्र यात केवळ दोष काढून थांबणे योग्य नाही. कोक्रेनने ते डाव लिहिले नसते तर आज महेशचंद्राविषयी बोलण्यासारखे काही उरलेच नसते.

हेस्टिंग्ज १९३० आणि एक मराठी प्रतिस्पर्धी :

वजिराच्या प्याद्याचा प्रारंभ विसाव्या शतकात किती प्रबळ झाला याचे प्रमाण १९२७ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत मिळते. ब्यूनस आयर्स येथे कापाब्लांका आणि अलेखाइन यांच्यात झालेल्या ३४ डावांपैकी ३२ डाव क्वीन्स गॅम्बिटचे, तेही तो अव्हेरणाऱ्या पद्धतीचे होते.

या वातावरणात पंजाबातील मिठा टिवाना येथील मीर सुलतान खान १९२९ साली लंडनला पोहोचला. तो लहानपणापासून देशी नियमांनी खेळलेला होता आणि युरोपीय पद्धत त्याने काही वर्षांपूर्वीच आत्मसात केली होती. त्याच वर्षी तो ब्रिटिश विजेता झाला. १९३२ आणि १९३३ मध्ये त्याने ते यश पुन्हा मिळवले. हेस्टिंग्जच्या १९३०–३१ च्या स्पर्धेत त्याने माजी विश्वविजेत्या कापाब्लांकाला पांढऱ्या मोहऱ्यांनी ६५ चालींत नमवले. घोड्याने सुरू झालेला हा डाव दुसऱ्याच चालीत वजिरासमोरील प्यादे पुढे आल्याने 'क्वीन्स इंडियन' वळणावर गेला. प्रतिस्पर्ध्याच्या हालचालींना हळूहळू मज्जाव करीत जाण्याची त्याची रीत त्यात स्पष्ट दिसते. सुलतान खान 'अशिक्षित पण दैवी देणगी लाभलेला' होता, ही पाश्चात्त्य लेखनातील प्रतिमा त्याच्या कुटुंबीयांनी अलीकडच्या काळात खोडून काढली आहे. २०२४ साली फिडेने त्याला मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर किताब दिला.

भारतात परतल्यावर १९३५ साली सुलतान खानची व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांची लढत झाली. खाडिलकरांना केवळ एक डाव बरोबरीत सोडवता आला. आकडा एकतर्फी आहे. परंतु कापाब्लांकाला हरवणाऱ्या खेळाडूसमोर दहा डाव बसण्याइतकी तयारी असलेला मराठी खेळाडू त्या काळी होता, हे त्यातून निश्चित होते.

महाराष्ट्रातील संस्थात्मक पाया :

नियम बदलले तरी खेळ रुजण्यासाठी संस्था लागतात. महाराष्ट्रात हे कार्य सांगलीने अग्रभागी राहून केले. १९४१ साली स्थापन झालेले नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाऊसाहेब पडसलगीकर यांचे आयुष्यभराचे परिश्रम यांमुळे सांगली ही 'बुद्धिबळाची पंढरी' म्हणून ओळखली जाऊ लागली. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना १९५१ साली झाली आणि १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. तीत रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. देशाच्या पहिल्या राष्ट्रीय विजेत्यांत एक मराठी नाव आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातही फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

स्त्रियांच्या बुद्धिबळात मुंबईच्या खाडिलकर भगिनींचे कार्य पायाभूत होते. १९७४ च्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेत वासंती खाडिलकर विजेत्या ठरल्या. जयश्री यांना १९७९ साली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर किताब मिळाला. रोहिणी यांनी पाच वेळा राष्ट्रीय आणि १९८१ साली आशियाई विजेतेपद मिळवले. १९७६ साली रोहिणी यांनी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला तेव्हा मोठा वाद झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेरीस फिडेचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा दिला. तेरा वर्षांच्या एका मराठी मुलीच्या सहभागातून हा प्रश्न जागतिक पातळीवर निकाली निघाला. पुढे भाग्यश्री साठे-ठिपसे, अनुपमा अभ्यंकर-गोखले आणि स्वाती घाटे यांनी ही परंपरा चालवली.

बातुमी, जुलै २०२५ :

या पार्श्वभूमीवर बातुमीच्या अंतिम लढतीकडे पाहिले पाहिजे. एका बाजूला २००२ साली पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेली ३८ वर्षांची कोनेरू हम्पी होती. दुसऱ्या बाजूला ९ डिसेंबर २००५ रोजी जन्मलेली, १९ वर्षांची दिव्या देशमुख. दिव्याने २०२४ साली जागतिक कनिष्ठ मुलींचे विजेतेपद मिळवले होते आणि त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात ती होती. विश्वचषकात झू जिनर, हरिका द्रोणवल्ली आणि माजी विश्वविजेती टॅन झोंगयी यांना बाद करून ती अंतिम फेरीत आली. दोन्ही अंतिम स्पर्धक भारतीय असण्याचा हा या स्पर्धेतील पहिलाच प्रसंग होता.

२६ जुलैच्या पहिल्या डावात दिव्याने वजिरासमोरील प्याद्याने प्रारंभ केला. हम्पीने देऊ केलेले प्यादे स्वीकारल्याने क्वीन्स गॅम्बिटची 'स्वीकृत' पद्धत पटावर आली. पांढऱ्याला सुरुवातीस चांगली संधी मिळूनही डाव बरोबरीत सुटला. दुसरा पारंपरिक डावही बरोबरीत राहिल्याने २८ जुलै रोजी जलद डाव खेळवण्यात आले. त्यातील पहिला डाव बरोबरीत संपला. दुसऱ्या, निर्णायक डावात पांढरी मोहरी हम्पीकडे होती आणि तिने कॅटलान पद्धत निवडली. ही पद्धत वजिराच्या प्याद्याच्या कुळातीलच आहे. १९२९ च्या बार्सिलोना स्पर्धेत टार्टाकोव्हरने ती खेळली आणि त्या प्रांतावरून तिला नाव मिळाले. तीत पांढऱ्याचा उंट जी२ वर बसून लांब कर्णरेषा धरतो, म्हणजेच देशी वळणाची रचना पांढऱ्याच्या बाजूने येते. दीर्घकाळ चाललेल्या या डावात घड्याळाचा ताण दोघींवर होता. अखेरच्या भागात हम्पीचा तोल गेला आणि काळ्या मोहऱ्यांनी दिव्याने बाजी मारली. एकूण गुण २.५–१.५ असे झाले.

या विजयाने तिला विश्वचषक, कँडिडेट्स स्पर्धेतील प्रवेश आणि थेट ग्रँडमास्टर किताब असे तिहेरी यश मिळाले. ती देशाची ८८ वी ग्रँडमास्टर आणि हा किताब मिळवणारी चौथी भारतीय स्त्री ठरली. रौनक साधवानी व संकल्प गुप्ता यांच्यानंतर नागपूरच्या नावावर आणखी एक ग्रँडमास्टर जमा झाला.

नोंद आणि जिल्हा पातळीवरील इतिहास :

बातुमीचा निर्णायक डाव आणि कोलकात्याचा डाव यांत एकशे सत्तर वर्षांचे अंतर आहे. दोन्ही डाव आज एकाच पटावर, एकाच अभ्यासकाला मांडता येतात. याचे एकमेव कारण म्हणजे त्यांची नोंद आहे. फिडेच्या नियमांनुसार पारंपरिक डावांत दोन्ही खेळाडूंनी प्रत्येक चाल लिहिणे बंधनकारक असते आणि ही नोंदपत्रके आयोजकांच्या मालकीची मानली जातात. जलद डावांत खेळाडूंवर असे बंधन नसते. बातुमीतील जलद डाव टिकले, कारण इलेक्ट्रॉनिक पटावर चाली आपोआप नोंदल्या जात होत्या.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने हा तांत्रिक तपशील निर्णायक आहे. शालेय क्रीडा स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत बुद्धिबळ खेळले जाते. अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात. वेळेच्या अभावी अशा स्पर्धा बहुधा जलद पद्धतीने खेळवल्या जातात. निकालपत्रक फाइलला लागते, विजेत्याचे छायाचित्र वार्षिकांकात येते आणि डाव मात्र मोहरी डब्यात भरली जाताच नाहीसा होतो. महेशचंद्राच्या गावात जे घडले तेच आपण आजही, साधने हाताशी असताना, घडू देत आहोत. उद्या मेहकर, खामगाव किंवा सिंदखेड राजा येथील एखादी विद्यार्थिनी मोठी झाली, तर तिच्या घडणीचा पुरावा शोधणाऱ्या अभ्यासकाच्या हाती केवळ एक प्रमाणपत्र लागेल.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. अंतिम फेरीचे डाव तरी पारंपरिक पद्धतीने खेळवावेत, नोंदपत्रकांच्या प्रती ग्रंथालयात वर्षवार बांधून ठेवाव्यात आणि सर्वत्र वाचल्या जाणाऱ्या पीजीएन या संगणकीय स्वरूपात त्या उतरवून घ्याव्यात. शारीरिक शिक्षण आणि इतिहास या दोन विभागांनी हे काम एकत्रितपणे करणे शक्य आहे. त्याचबरोबर देशी नियमांनी खेळलेल्या वयोवृद्ध व्यक्तींच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे तातडीचे आहे. प्यादे एक घर चाले की दोन, राजाची उडी कधी घेता येई, मातीचे प्रकार कोणते, हे सांगू शकणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे. मौखिक इतिहासाचा हा विषय पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी अत्यंत योग्य आहे.

निष्कर्ष :

१. वजिराच्या प्याद्याला घोड्याने उत्तर देणाऱ्या पद्धतींचे 'भारतीय' हे नाव केवळ अलंकारिक नाही. १८५५ च्या कोलकात्यातील डावात त्यांपैकी एका प्रमुख पद्धतीचे स्वरूप ग्रुनफेल्डच्या सदुसष्ट वर्षे आधी पूर्णपणे दिसते.

२. महेशचंद्राचा खेळ हा देशी सवयीचा अवशेष नव्हता. देशी रचना आणि युरोपीय नियम यांचा तो जाणीवपूर्वक केलेला मेळ होता, हे डावातील चालींवरूनच सिद्ध करता येते.

३. 'मानसोल्लास', 'नीतिमयूख' यांसारख्या ग्रंथांपासून सप्रे, खाडिलकर भगिनी आणि दिव्या देशमुखपर्यंत दख्खन व महाराष्ट्राचा या परंपरेशी असलेला संबंध दीर्घ आहे. मात्र तो सलगपणे लिहिला गेलेला नाही.

४. खेळाच्या इतिहासात गुणवत्तेइतकेच महत्त्व नोंदीला आहे. कोलकात्याचा डाव महेशचंद्र हरला, तरी नोंद राहिल्यामुळे त्याची कल्पना आज त्याच्या नावाने सांगता येते. त्याने जिंकलेले गावाकडचे डाव मात्र आपल्याला सांगता येत नाहीत. जिल्हा पातळीवरील महाविद्यालयांनी आपल्या स्पर्धांची नोंदपत्रके जतन करण्यास प्रारंभ केल्यास पुढील अभ्यासकाला असे उणेपण जाणवणार नाही.